जावा की पायथॉन? सोलापुरात बसून स्वतःची क्रमवारी काढायची रीत

२०२५ साली प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये पहिला नंबर कोणाचा होता? टिओबे या कंपनीच्या यादीत पायथॉनचा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या वार्षिक पाहणीत जावास्क्रिप्टचा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महिन्याभरात कोड पाठवणारी माणसं मोजली, तर टाइपस्क्रिप्ट पहिल्यांदाच या दोघींच्या पुढे निघालेली. डेटाबेसचंही तसंच. डेटाबेसांची क्रमवारी लावणाऱ्या डीबी-एंजिन्सच्या यादीत ओरॅकल सगळ्यांत वर, आणि स्टॅक ओव्हरफ्लोने डेव्हलपरांनाच विचारलं तर पोस्टग्रेस. यातली एकही यादी खोटी नाही. प्रत्येकाने मोजलेली गोष्टच वेगळी आहे.

सोलापुरात याचा त्रास जरा जास्त होतो. इथून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांची पहिली नोकरी पुण्यात किंवा हैदराबादला लागते. म्हणजे आधी कोर्सची फी, मग हुतात्मा एक्सप्रेसच्या फेऱ्या, मग तिकडे कॉट बेसिसवर राहणं, एवढा खर्च घरचे एका अंदाजावर करतात. तो अंदाज बहुतेक वेळा 'जगातील नंबर १ भाषा' असं लिहिलेल्या एखाद्या फलकावरून आलेला असतो. त्यापेक्षा दोन-तीन रविवार बसून आपल्या प्रश्नापुरती क्रमवारी आपणच काढलेली बरी. लागतं काय? एक लॅपटॉप, एक एक्सेल किंवा गूगल शीट, आणि टक्केवारी काढण्याइतकं गणित.

पुढची रीत विद्यार्थी डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे, पण कॉलेजात ऐच्छिक विषय ठरवणाऱ्या प्राध्यापकांना आणि इथेच पाच-सात माणसांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्यांनाही ती चालेल. फक्त वजनं, म्हणजे कोणत्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं ते, बदलतील. त्याबद्दल पुढे.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

'कोणती भाषा लोकप्रिय आहे?' या प्रश्नाला उत्तर नाही. याला आहे: 'येत्या वर्षभरात पुण्यात किंवा हैदराबादला फ्रेशर म्हणून बॅकएंडचं (सर्व्हरवरचं) काम मिळवायचं असेल, तर कोणतं तंत्रज्ञान शिकावं?' कोणासाठी, कुठे, कधी आणि कशासाठी, हे चारही त्यात आले. हे वाक्य शीटच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. पुढे एखादी माहिती घ्यावी की टाकावी असा प्रश्न पडला की तिथे बघायचं.

मग ठरवायचं की आपल्याला लोकप्रियतेची कोणती बाजू हवी. आपल्या बाजार समितीत कांद्याचा हंगाम पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वखारीत पडलेला साठा वेगळा, आज गाड्यांनी आलेली आवक वेगळी, आणि व्यापाऱ्याकडून असलेला उठाव वेगळा. आवक फुगली म्हणून भाव चढत नाही, उलट बहुतेकदा पडतो. तंत्रज्ञानातही साठा, आवक आणि उठाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी मोजाव्या लागतात.

साठा म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं, चालू असलेलं सॉफ्टवेअर. वेबसाइटची तंत्रज्ञानं नोंदवणाऱ्या डब्ल्यू३टेक्सच्या मोजणीत ज्या वेबसाइटची सर्व्हरवरची भाषा ओळखता येते, त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश पीएचपीवर आहेत, आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट एकट्या वर्डप्रेसवर चालतात. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची जुनी लायब्ररीही अजून बहुसंख्य साइटवर आहे. हे आकडे खरे आहेत, पण त्यावरून नव्या मुलाला जेक्वेरी शिकून नोकरी लागेल असं कोणी म्हणणार नाही. आवक म्हणजे आत्ता शिकणारी आणि नवं लिहिणारी माणसं. उठाव म्हणजे पगार द्यायला तयार असलेल्या कंपन्या. नोकरीच्या प्रश्नात उठाव सगळ्यांत महत्त्वाचा आणि आवक ही तुमची स्पर्धा. गंमत अशी की बहुतेक प्रसिद्ध याद्या आवक मोजतात, आणि आपण ती उठाव समजून वाचतो.

दुसरी पायरी: उमेदवार एकाच जातीचे निवडा

'रिअ‍ॅक्ट की जावा' ही तुलना होऊ शकत नाही. एक पडद्यावरचं काम करते, दुसरी सर्व्हरवरचं. मोठ्या यादीवाल्यांनाही ही हद्द आखताना अडखळावं लागतं. टिओबेने एसक्यूएलला (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेला) बराच काळ यादीबाहेर ठेवलं होतं आणि २०१८ मध्ये परत आत घेतलं. आपल्या उदाहरणात बॅकएंडचे पाच उमेदवार घेऊ: जावा व स्प्रिंग बूट, पायथॉन व जँगो किंवा फास्टएपीआय, नोड, डॉट नेट, आणि पीएचपी व लॅरावेल. पाच ते सात पुरे. त्याहून जास्त घेतले की खालचे सगळे एकमेकांना चिकटून बसतात आणि त्यांच्यातला फरक निव्वळ नशिबाचा असतो.

भाषा मोजायची की फ्रेमवर्क (त्या भाषेतला तयार सांगाडा, जसं स्प्रिंग बूट), हेही आत्ताच ठरवा. नोकरीच्या जाहिरातीत 'पायथॉन' लिहिलेलं असतं, पण काम डेटा अ‍ॅनालिसिसचं निघतं. असा पायथॉन आपल्या बॅकएंडच्या यादीत धरायचा नाही. माझ्या मते पायथॉनचा आकडा सगळ्यांत जास्त इथेच फुगतो.

तिसरी पायरी: तयार याद्या कशा वाचायच्या

स्वतः मोजण्याआधी दुसऱ्यांनी काय मोजलंय ते समजून घ्या, कारण त्यातल्या काही गोष्टी आयत्या वापरता येतात.

टिओबे ही नेदरलँड्समधल्या आइंटहोव्हनची कंपनी २००१ पासून दर महिन्याला यादी काढते. पंचवीस सर्च इंजिनांवर भाषेचं नाव आणि त्यापुढे 'प्रोग्रॅमिंग' हा शब्द टाकून किती पानं सापडतात, ते मोजायचं, अशी मुख्य पद्धत. पायथॉनने सी आणि जावा यांना मागे टाकून पहिला नंबर मिळवला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये. या मोजणीत दहा वर्षांपूर्वीचं धूळ खात पडलेलं पानही धरलं जातं आणि 'मी सी प्रोग्रॅमिंग का सोडलं' असा लेखही सीच्याच खात्यात जमा होतो. शिवाय सर्च इंजिनवाल्यांनी आपली मोजण्याची तऱ्हा बदलली, तर भाषेने काहीही न करता तिचा आकडा हलतो. सर्वांत चांगली भाषा कोणती किंवा सर्वांत जास्त कोड कशात लिहिलाय हे आमची यादी सांगत नाही, असं टिओबे स्वतःच म्हणते. फलक रंगवणारे नेमकं तेवढं वाक्य गाळतात. नोकरीच्या प्रश्नासाठी मी या यादीला शून्य वजन देतो.

पीवायपीएल नावाची यादी गूगल ट्रेंड्सवर 'टुटोरियल' हा शब्द जोडून होणारे शोध मोजते. म्हणजे शिकायला बसलेले लोक. ही स्वच्छ आवक आहे आणि तशीच वाचली तर कामाची आहे.

रेडमंक ही विश्लेषक कंपनीही क्रमवारी काढते. एका अक्षावर गिटहबवरचं काम, दुसऱ्यावर स्टॅक ओव्हरफ्लोवरची चर्चा, आणि दोन्हींकडे वर असलेली भाषा वर. दोन वेगळ्या स्रोतांची एकमेकांशी पडताळणी करण्याचा हा विचार उचलण्याजोगा आहे.

स्टॅक ओव्हरफ्लोची पाहणी २०११ पासून होते. २०२४ मध्ये ६५ हजारांवर लोकांनी ती भरली. तिची खरी किंमत छापील तक्त्यांत नाही, तर कच्च्या फाइलमध्ये आहे. ती फाइल कोणालाही फुकट उतरवता येते, आणि तिच्यात देशाचा रकाना असतो. फक्त भारत निवडा, त्यात अनुभवाचा रकाना धरून सुरुवातीची दोन-तीन वर्षं घ्या, आणि 'गेल्या वर्षभरात वापरलेल्या भाषा' या रकान्यात अर्धविरामाने तोडलेली नावं मोजा. जगाची यादी आणि ही यादी शेजारी ठेवून बघा. एक काळजी घ्या: 'वापरली' आणि 'वापरायची इच्छा आहे' हे दोन वेगळे रकाने असतात. रस्ट वर्षानुवर्षं लोकांची सर्वांत आवडती भाषा ठरते, पण ती रोज वापरणारे त्या मानाने थोडे.

स्टॅक ओव्हरफ्लोवरच्या प्रश्नांची संख्या मात्र आता जपून वापरावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तिथे नवे प्रश्न पडणंच झपाट्याने कमी झालं. २०१९ चे आणि २०२५ चे प्रश्न नुसते मोजून तुलना केली तर सगळ्याच भाषा मेल्यासारख्या दिसतील. मोजायचंच असेल तर त्या महिन्याच्या एकूण प्रश्नांतला वाटा काढा. आणि हेही ध्यानात घ्या की जुन्या भाषांचे बहुतेक प्रश्न कधीच विचारून झालेत. कमी प्रश्न म्हणजे कमी वापर, असं नाही. बँकांतली कोबोल ही भाषा याचं जुनं उदाहरण.

गिटहबवर प्रकल्प आवडला की देतात ते तारे मोजायचा मोह टाळा. तारा एकदा दिला की सहसा कोणी परत घेत नाही, त्यामुळे तो आकडा जवळपास चढतच राहतो. शिवाय खोटे तारे विकत मिळतात. २०२४ च्या अखेरीस संशोधकांनी असे लाखो संशयित तारे शोधून दाखवले. त्यापेक्षा गिटहबचा इनोव्हेशन ग्राफ बघा. २०२३ पासून तो खुला आहे आणि प्रत्येक देशात दर तिमाहीला कोणत्या भाषेत किती जणांनी कोड पाठवला, ते त्यात मिळतं. भारताचा भाग काढून घेणं अर्ध्या तासाचं काम आहे.

एनपीएम (जावास्क्रिप्टचं) किंवा पायपीआय (पायथॉनचं) या तयार पॅकेजांच्या भांडारांतल्या डाउनलोडच्या आकड्यांबद्दल एवढंच सांगतो की ते माणसं मोजत नाहीत. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून टाकलं आणि जगभर बिल्ड (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनवायचं काम) कोसळले. ते पॅकेज मुद्दाम निवडून बसवणारे थोडेच होते. दुसऱ्या पॅकेजांच्या पोटातून ते सगळीकडे पोचलेलं. त्यात आपोआप चालणाऱ्या चाचण्या दर वेळी सगळं नव्याने उतरवतात, त्यांचीही भर. एकाच कामाची दोन पॅकेजं असतील तर त्यांचा कल बघायला हे आकडे बरे. भाषांच्या तुलनेला नाहीत.

चौथी पायरी: गूगल ट्रेंड्स, आवक मोजण्यासाठी

ट्रेंड्सवर एका वेळी पाच नावं टाकता येतात, म्हणून आपले पाच उमेदवार नेमके बसतात. प्रदेश महाराष्ट्र निवडा. एकट्या सोलापूरचे शोध इतके थोडे पडतात की आलेख तुटक येतो. कालावधी बारा महिने.

ट्रेंड्सचा आकडा म्हणजे शोधांची संख्या नव्हे. त्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवतात, तेही नमुना घेऊन. म्हणून तीन वेगळ्या दिवशी तोच शोध उतरवून सरासरी घ्या.

नावांचा गोंधळ इथे सगळ्यांत मोठा. 'स्विफ्ट' टाकलंत तर आपल्याकडे मारुतीच्या गाडीचे शोध येतात. 'पायथॉन' मध्ये साप, 'रस्ट' मध्ये गंज, 'गो' मध्ये तर काहीही. देवनागरीत 'जावा' लिहून शोधणाऱ्यांत मोटरसायकलवाले किती हे वेगळं करता येत नाही. दोन उपाय आहेत. नाव टाकल्यावर खाली 'प्रोग्रॅमिंग भाषा' असा विषय सुचवला जातो, तो निवडायचा. नाहीतर पाचही नावांना एकच शब्द जोडायचा, उदाहरणार्थ 'कोर्स'. मी दुसरा उपाय घेतो, कारण कोर्स शोधणारा माणूस म्हणजे उद्याचा स्पर्धक. एकासाठी विषय आणि दुसऱ्यासाठी शब्द, अशी सरमिसळ मात्र करू नका.

पाचवी पायरी: नोकरीच्या जाहिराती हाताने मोजा

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा.

नोकरीच्या साइटवर 'जावा' शोधलं की वर हजारांत आकडा दिसतो. तो घेऊन मोकळं व्हावं असं वाटतं, पण त्या आकड्यात जावास्क्रिप्ट मिसळलेली असते, दहा वर्षं अनुभव मागणाऱ्या जाहिराती असतात, आणि एकाच जागेसाठी चार कन्सल्टन्सींनी टाकलेल्या चार जाहिराती असतात. तो आकडा शीटमध्ये घेऊ नका.

असं करा. शोधात तंत्रज्ञानाचं नाव टाकूच नका. 'बॅकएंड डेव्हलपर', 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' अशी पदं टाका, ठिकाण पुणे आणि हैदराबाद, अनुभव शून्य ते एक वर्ष, गेल्या पंधरा दिवसांत आलेल्या जाहिराती. तंत्रज्ञानाच्या नावाने शोधलं तर त्या नावाच्याच जाहिराती दिसणार. पदाने शोधलं तर बाजारात काय आहे ते दिसतं. मग एकेक जाहिरात उघडून शीटमध्ये ओळ भरा: तारीख, कंपनी, शहर, कमीत कमी अनुभव, मुख्य बॅकएंड, इतर तंत्रज्ञान, पगार लिहिला असेल तर, आणि साइट दाखवत असेल तर आतापर्यंत किती अर्ज आले.

आपोआप पानं ओढणारी स्क्रिप्ट लिहिता येते, पण बऱ्याच साइटच्या अटींत त्याला मनाई असते आणि खातं बंद होऊ शकतं. दीडशे-दोनशे जाहिराती हाताने भरायला दोन दुपारी पुरतात. आणि वाचताना जे कळतं ते स्क्रिप्टला कळत नाही. उदाहरणार्थ, यादीत बारा तंत्रज्ञानं लिहिलेली असतात आणि कामाच्या वर्णनात फक्त एकाचंच नाव येतं. तेच मुख्य.

साफसफाईचे नियम आधी लिहून ठेवा आणि मग सगळ्या ओळींना सारखेच लावा. कंपनी, शहर आणि वर्णन तेच असेल तर एकच ओळ धरा. 'आवश्यक' खाली आलेलं मोजा, 'असल्यास उत्तम' खालचं वेगळ्या रकान्यात टाका. फ्रेशर म्हणून दाखवली पण वर्णनात दोन वर्षांचा अनुभव मागितला, तर काढा. प्रशिक्षणाच्या नावाखाली उमेदवाराकडूनच पैसे मागणारी जाहिरात ही नोकरीची जाहिरातच नाही, ती काढा.

शीटमध्ये नावं सूत्राने मोजणार असाल तर 'जावा' शोधताना 'जावास्क्रिप्ट' सापडते, आणि एकट्या 'सी' साठी शोध लावला की सी प्लस प्लस आणि सी शार्प दोन्ही त्यात येतात. लांब नावं आधी मोजून खूण करा, मग उरलेल्यांत आखूड नाव शोधा.

एक मोठं भगदाड तरीही राहतं. कॅम्पसवर शेकड्याने मुलं उचलणाऱ्या कंपन्या जाहिरातीत भाषा लिहीतच नाहीत. त्या अ‍ॅप्टिट्यूड बघतात, कोणत्याही एका भाषेत कोडिंग करून घेतात, आणि काय शिकवायचं ते भरतीनंतर ठरवतात. हा उठाव जाहिरातींच्या मोजणीत येत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

सहावी पायरी: आपल्या सीनियर मुलांना विचारा

सोलापूरचा यात फायदा आहे. इथली ओळखीपाळखी दाट आहे. प्रत्येक बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि पुण्यातल्या मुलांना गावाकडच्या ज्युनिअरला मदत करायला आवडतं. प्रश्न कसा विचारता, यावर उत्तराची किंमत ठरते. 'दादा, कशाला स्कोप आहे?' असं विचारलंत तर त्याने कालच रीलमध्ये पाहिलेलं नाव मिळेल. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: गेल्या सहा महिन्यांत कामावर मुख्यतः कशात कोड लिहिला? पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत कोणत्या भाषेत विचारलं? कंपनीने शेवटचा फ्रेशर घेतला तो कशासाठी?

वालचंद इन्स्टिट्यूट १९८३ पासून चालू आहे, त्यामुळे तिथले माजी विद्यार्थी आज डायरेक्टरपदापर्यंत गेलेले सापडतील. त्यांचा सल्ला जरूर घ्या, पण मोजणीत गेल्या तीन बॅचच धरा. वीस वर्षांपूर्वी सी प्लस प्लसवर लागलेल्या माणसाचं उत्तर आजच्या फ्रेशरच्या प्रश्नाला लागू पडत नाही. ग्रुपवर उत्तर देणारे बहुधा नोकरी लागलेलेच असतात, न लागलेले गप्प बसतात, हा एक तिरपेपणा राहतोच. म्हणून प्लेसमेंट सेलकडून बॅचची यादी मिळाली तर त्यातल्या दर पाचव्या नावाला फोन करा. उत्तरं कमी मिळतील, पण ती एका बाजूला कमी झुकलेली असतील.

सातवी पायरी: वाटा काढा आणि वजन द्या

आता तिन्ही ठिकाणचे आकडे एकाच मापात आणायचे. सोपा मार्ग: प्रत्येक स्रोतात पाच उमेदवारांची बेरीज १०० धरून प्रत्येकाचा टक्केवारीत वाटा. खालचे आकडे रीत दाखवण्यासाठी कल्पिलेले आहेत, बाजाराचे नाहीत. समजा १६० जाहिराती, ५० सीनियर, आणि ट्रेंड्सची वर्षभराची सरासरी.

| उमेदवार | जाहिराती (१६०) | वाटा | सीनियर (५०) | वाटा | ट्रेंड्स वाटा |
|---|---|---|---|---|---|
| जावा | ६२ | ३८.७५ | १६ | ३२ | ३६ |
| डॉट नेट | ३० | १८.७५ | ६ | १२ | ४ |
| नोड | २८ | १७.५ | १२ | २४ | ६ |
| पायथॉन | २८ | १७.५ | १२ | २४ | ५० |
| पीएचपी | १२ | ७.५ | ४ | ८ | ४ |

जाहिरातींना ५० टक्के वजन, सीनियरांना ३०, ट्रेंड्सला २०. जावाचे गुण: ३८.७५ चे निम्मे १९.३८, अधिक ३२ चे ३० टक्के ९.६, अधिक ३६ चे २० टक्के ७.२, एकूण ३६.१८. याच रीतीने पायथॉन २५.९५, नोड १७.१५, डॉट नेट १३.७८, पीएचपी ६.९५. पाचही बेरजा मिळून १०० आल्या पाहिजेत, नाही आल्या तर सूत्रात चूक आहे.

वजनं कुठून आणायची? पहिल्या ओळीतल्या प्रश्नातून. नोकरी हवी, म्हणून उठावाला जास्त. सोलापुरात राहून चादर-टॉवेलच्या कारखानदारांना वेबसाइट आणि बिलिंग करून देणाऱ्या कंपनीला वेगळी वजनं लागतील. तिला प्रश्न असा पडतो की आज इथे कामाला माणूस मिळेल का आणि तो पुण्याला गेला तर दुसरा सापडेल का. तिच्यासाठी इथल्या क्लासमधून काय शिकून मुलं बाहेर पडतात, ही आवक सगळ्यांत मोलाची, आणि तिच्या यादीत पीएचपी व वर्डप्रेस वर आले तर नवल नाही. पण दोघांनीही वजनं आकडे बघण्याआधी लिहून ठेवायची. नंतर ठरवली तर आवडती भाषा पहिली येईपर्यंत हात चालतच राहतो.

आठवी पायरी: यादी हलवून बघा

प्रसिद्ध याद्यांत ही पायरी क्वचितच दिसते. त्याच आकड्यांवर वजनं बदला. ट्रेंड्सला ५०, सीनियरांना ३०, जाहिरातींना २० दिलं तर पायथॉन ३५.७ आणि जावा ३५.३५, म्हणजे पायथॉन पहिली. ट्रेंड्स पूर्ण काढून जाहिरातींना ८० व सीनियरांना २० दिलं तर जावा ३७.४, नोड आणि पायथॉन दोघेही १८.८, डॉट नेट १७.४, पीएचपी ७.६.

यातून काय टिकलं? शोध आणि कोर्स यांच्यावर फार भर दिला नाही तर जावा पहिली राहते. पीएचपी तिन्ही वेळा शेवटीच. मधल्या तिघांतलं अंतर वजनाप्रमाणे बदलतं आणि ट्रेंड्स काढल्यावर जवळजवळ मिटतं, म्हणजे त्यांच्यात क्रम लावण्याइतका पुरावाच नाही. पायथॉनचा दुसरा नंबर जवळजवळ पूर्णपणे शिकणाऱ्यांच्या गर्दीतून आलेला आहे, हे या उदाहरणातलं सर्वांत उपयोगी निरीक्षण. नोकरीच्या प्रश्नात ती गर्दी गुणांत मिळवावी की वजा करावी, हाही विचार करा. मी आता ट्रेंड्स गुणांत धरतच नाही, शेजारच्या रकान्यात 'स्पर्धा' म्हणून ठेवतो. अर्जांचा आकडा मिळाला असेल तर एका जाहिरातीमागे किती अर्ज, हा भागाकार त्याहून चांगला.

दुसरी तपासणी नमुन्याच्या आकाराची. ढोबळ हिशेब असा की १ ला नमुन्याच्या वर्गमूळाने भागा, तेवढा वाटा इकडे-तिकडे होऊ शकतो. १०० जाहिराती असतील तर दहा टक्के, ४०० असतील तर पाच. आपल्या १६० ला सुमारे आठ. मग जावा ३१ ते ४७ मध्ये कुठेही असू शकते आणि डॉट नेट ११ ते २७ मध्ये. ही दोन अंतरं एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून जावाची आघाडी खरी धरायला हरकत नाही. डॉट नेटचे १८.७५ आणि नोडचे १७.५ यांच्यात मात्र काहीच फरक नाही. ५० सीनियरांच्या बाबतीत ही चूक १४ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून त्यांचे आकडे एकट्याने काही सिद्ध करत नाहीत. आणि हा हिशेब फक्त नशिबाचा फरक पकडतो. नमुना मुळातच एकतर्फी घेतला असेल तर ४०० ओळी भरूनही तो सुधारत नाही.

नववी पायरी: नंबर नको, गट लिहा

यादी मांडताना एक, दोन, तीन असे नंबर देण्याऐवजी गट पाडा. आपल्या उदाहरणात वरचा गट जावा, मधला गट पायथॉन, नोड व डॉट नेट, खालचा पीएचपी. मधल्या गटात निवड करताना लोकप्रियता बाजूला ठेवायची आणि दुसऱ्या गोष्टी बघायच्या: आधीपासून काय येतं, शिकवणारं माणूस जवळ कोण आहे, कोणत्या प्रकारच्या कंपनीत जायचं आहे. गटाखाली चार ओळी लिहा: प्रश्न काय होता, जाहिराती कोणत्या तारखांच्या, नियम कोणते लावले, वजनं किती. ग्रुपवर पाठवायची असेल तर या चार ओळींसकट पाठवा. नुसता स्क्रीनशॉट पाठवलात की दोन दिवसांत त्याचा फलक होतो.

कच्ची शीट जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी तेच शब्द, तीच शहरं, तेच नियम वापरून पुन्हा मोजा. भरतीचे हंगाम असतात. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष सुरू झाल्यावरचा बाजार आणि दिवाळीच्या तोंडचा बाजार सारखा नसतो. म्हणून कल सांगायचा असेल तर या वर्षीच्या ऑगस्टची तुलना गेल्या वर्षीच्या ऑगस्टशी करा, फेब्रुवारीशी नको. दोन्ही वेळच्या वाट्यांतला फरक वर काढलेल्या अंतराइतका किंवा त्याहून कमी असेल तर शीटमध्ये 'जैसे थे' लिहा आणि हातातला कोर्स पुढे चालू ठेवा.